बूट पार्टिशनला कोणीच हात लावला नव्हता

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या घरी फोन वाजला, मी उचलला आणि पलीकडून मराठीत "संजय आहे का?" असं आलं, की मी समजायचे, कोणाचा तरी कॉम्प्युटर बंद पडलाय. संजय म्हणजे माझा नवरा. तो मातीचा अभ्यास करतो. कुठल्या शेतातली माती किती पाणी धरेल हे तो तासभर सांगेल, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला हाक मारतो. विद्यापीठाच्या एका विभागातले लिनक्सवर चालणारे सगळे कॉम्प्युटर सांभाळणं ही माझी नोकरी होती, आणि हे आमच्या अख्ख्या मराठी मंडळाला माहीत होतं. तरी विचारणा संजयकडे. तो म्हणायचा, "थांबा हं, वैशालीला देतो." त्यावर पलीकडचा माणूस म्हणायचा, "छे छे, वहिनींना कशाला त्रास!" आणि मग शनिवारी सकाळी कॉम्प्युटर गाडीत घालून वहिनींच्याच दारात हजर.

या अंकाच्या संपादकांनी मला कामातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. इतकी वर्षं मी हे काम केलं, पण त्यात गंमत अशी कोणाला वाटत असेल तर ती बघणाऱ्याला. करणाऱ्याच्या डोक्याला नुसता ताप. त्यातही सगळ्यात जास्त ताप एकाच प्रकारच्या दुखण्याने दिला: कॉम्प्युटरमध्ये सगळं जागच्या जागी असतं, पण तो उठतच नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साध्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये एकच बिऱ्हाड असतं, विंडोजचं. हौशी माणसं त्याच डिस्कचे भाग पाडतात, त्यांना पार्टिशन म्हणायचं, आणि दुसऱ्या भागात लिनक्स, म्हणजे विंडोजच्याच जातीची पण फुकट मिळणारी प्रणाली, बसवतात. आणखी हौशी माणसं तिसऱ्या भागात दुसरं लिनक्स बसवतात. बिऱ्हाडं वाढली की सोसायटीला वॉचमन लागतो. कॉम्प्युटर सुरू केला की आधी हा वॉचमन उठतो आणि विचारतो, कोणाकडे जायचंय? त्याची केबिन म्हणजे बूट पार्टिशन. जागा अगदी एवढीशी, पण सगळ्यांचे पत्ते तिथेच. ती केबिन कोणी पाडली, किंवा मधलं एखादं बिऱ्हाड काढल्यामुळे पुढच्यांचे नंबर बदलले, तर आत सगळी माणसं सुखरूप असूनही तुम्ही दारातच उभे राहता. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आणि एक एरर नंबर, बास.

असा कॉम्प्युटर समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. शेवटचं काय केलं होतं? आणि उत्तरही ठरलेलं. काही नाही. आमच्या विभागात नाशिकचा एक संशोधक विद्यार्थी होता, हुशार, गुणी, आणि त्याचा कॉम्प्युटर दर थोड्या दिवसांनी मरायचा. दर वेळी मी विचारायचे, दर वेळी तो म्हणायचा, काही केलं नाही हो मॅडम. शेवटी एकदा मी त्याच्या खोलीत ठाण मांडून बसले. संध्याकाळी कॉम्प्युटर स्वतःला अपडेट करत होता, केबिनमधले पत्ते नव्याने लिहिणं चाललं होतं. हा उठला, दप्तर पाठीला लावलं आणि खोलीतून बाहेर पडता पडता भिंतीवरचा मेन स्विच बंद केला. घर सोडताना बटणं बंद करायची हे त्याच्या आईने त्याच्या अंगात इतकं मुरवलं होतं, की ते त्याला ‘काही करणं’ वाटतच नव्हतं. मी कपाळाला हात लावला.

पण ज्यामुळे मी खरोखर हैराण झाले ती साठे काकांची गोष्ट.

साठे काका आमच्या मंडळातलेच, तासाभराच्या अंतरावर ट्रॉयला राहायचे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या साच्यांचं डिझाइन करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मग कंपनीने माणसं कमी केली आणि त्यात काका गेले. साठीला टेकलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? काका रडत बसले नाहीत. तळघरात बसून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. साचा बनवायच्या आधीच पत्रा कुठे फाटेल ते तो दाखवणार होता. दीड-दोन वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. शेवटी एका छोट्या कंपनीने सांगितलं, या सोमवारी येऊन दाखवा, आवडलं तर काम देऊ. काम मिळालं तर घर राहणार होतं. नाहीतर ते विकून टेक्ससमध्ये प्लेनोला मुलीकडे जायचं, असं ठरलं होतं. मुलीकडे म्हणजे जावयाच्या घरी. जावई स्वतः प्रेमाने या म्हणत होता, पण काकांना ते अजिबात नको होतं. हे मला काकूंनी नंतर सांगितलं.

तर सोमवारच्या आधीच्या शनिवारी फोन आला. नेहमीप्रमाणे "संजय आहे का?" ने सुरुवात झाली आणि मग काका मला म्हणाले, "अगं, मशीन तसं उत्तम आहे. फक्त सुरू होत नाही."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"काका, थोडे म्हणजे किती?"

"दिवाळीपासून."

नोव्हेंबर संपत आला होता. मी गाडी काढली.

ट्रॉयला पोचले तर काकूंनी आधी पानावर बसवलं. मी म्हटलं, काकू, आधी मशीन बघते. त्या म्हणाल्या, "उपाशीपोटी कसलं बघतेस? ते कुठे पळून जात नाही." भरली वांगी, कोशिंबीर, वर आणखी पोळीचा आग्रह. काका समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होते आणि मी घास गिळत होते. एरवी त्या वांग्यांसाठी मी मुद्दाम ट्रॉयला गेले असते.

तळघरात गेले आणि काकांना विचारलं, डिस्कवर काय काय आहे? काकांनी अभिमानाने सांगितलं. एक विंडोज, काकूंच्या फोटोंसाठी. एक जुनं लिनक्स, ज्यावर प्रोग्रॅम सुरू केला होता. एक नवीन लिनक्स, ज्यावर प्रोग्रॅम आता होता. आणि एक तिसरं लिनक्स, मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती म्हणून.

"ते कशाला ठेवलंय?"

"असू दे गं. काय खायला मागतंय?"

"आणि प्रोग्रॅमचा बॅकअप?"

"आहे की! रोजच्या रोज घेत होतो. जुन्या लिनक्समध्ये."

"म्हणजे याच डिस्कवर?"

"पण पार्टिशन वेगळं आहे," काका मला समजावून सांगायच्या सुरात म्हणाले.

एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत दागिने ठेवले आणि चोराने कपाटच उचलून नेलं, तर दुसऱ्या कप्प्याचा काय उपयोग? आयुष्यभर साच्यात केसाएवढी चूक खपवून न घेतलेला हा माणूस. मी सीडीवरून चालणारं लिनक्स लावलं. त्याला डिस्कमधल्या वॉचमनची गरज लागत नाही, बाहेरून आत डोकावता येतं. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल माझ्या डिस्कवर घेतली. माझा नियमच होता, मूळ डिस्कला धक्का लावायचा नाही. नक्कल होईपर्यंत मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. कोणी कोणी हात लावलाय?

"कोणीच नाही."

"काका."

"म्हणजे, आपली दोन-तीन मंडळी येऊन गेली. त्यांनी फक्त बघितलं."

आमच्याकडची ही एक रीतच होती. घरी आलेला प्रत्येक पाहुणा आयटीतला. चहा झाला की यजमान म्हणणार, जरा आमचं मशीन बघता का? नाही म्हणणं पाहुण्याला शोभत नाही, आणि मला यातलं येत नाही असं म्हणणं तर आयटीतल्या माणसाला मुळीच शोभत नाही. मग तो खाली जातो, काहीतरी करतो, आणि वर येऊन सांगतो की बघितलं. त्याने काय केलं हे यजमान विचारत नाही, कारण त्याला वाईट वाटेल.

नकलेत एकेकाचे हात दिसायला लागले. मंडळाच्या एका कार्यकर्त्याने वॉचमनला हाकलून त्याच्या जागी विंडोजचा रखवालदार बसवला होता. त्यामुळे तेवढ्यापुरतं विंडोज उठलं आणि लिनक्सकडे जायचा रस्ताच बंद झाला. दुसऱ्याने हरवलेला वॉचमन परत यावा म्हणून फुकटची सीडी घेऊन तिसरं लिनक्स पुन्हा बसवलं होतं, आणि ते बसवताना कुठल्या पार्टिशनवर बसतंय हे न बघता पुढे, पुढे, पुढे असं दाबत गेला होता. ते बसलं होतं बरोबर काकांच्या नव्या लिनक्सच्या जागेवर, आणि या खटपटीत वॉचमन तर परत आला नाहीच, विंडोजचा रखवालदारही गेला.

"आणि तिसरे कोण?"

 जिन्यावरून काकू म्हणाल्या, "त्यांनी डिस्क काढून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली होती. मटारच्या पिशवीशेजारी. त्याने बरी होते म्हणाले."

मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले. "अहो, ती डिस्क आजारी नव्हतीच! तिला काहीही झालेलं नव्हतं!"

पण हे सगळे नंतरचे. पहिला घाव आणखी कोणाचा तरी होता. मुळात मधली दोन पार्टिशन कोणीतरी व्यवस्थित काढून टाकली होती, वॉचमनची केबिन आणि तिच्या शेजारचं जुनं लिनक्स, आणि त्या मोकळ्या जागेत विंडोजचा एक नवा कप्पा केला होता. आत काय आहे म्हणून उघडलं. काकांच्या मुलीच्या, मीराच्या लग्नाचे फोटो.

म्हणजे बॅकअप लग्नाच्या फोटोंखाली आणि मूळ प्रोग्रॅम फुकटच्या लिनक्सखाली. मी तुकडे शोधायचा प्रयत्न केला. अर्ध्या फायली, पाव फायली, मध्येच कुठल्यातरी दुसऱ्याच गोष्टीचा मजकूर. दुपार उतरली तेव्हा मी खुर्ची मागे घेतली.

"काका, प्रोग्रॅम गेलाय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

काकांनी मान हलवली. जणू मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते. मग म्हणाले, "तू सकाळपासून खपते आहेस. चहा घे." मला त्या क्षणी त्या सगळ्या ‘फक्त बघितलं’वाल्यांना एका ओळीत उभं करून फटके द्यावेसे वाटले.

"हा फोटोंचा कप्पा कोणी केला?" मी विचारलं. "ज्याने केला त्याला आधी काय कुठे होतं ते माहीत असणार. निदान तेवढं कळलं तर शोधायला दिशा मिळेल."

काका काकूंकडे बघायला लागले, काकू काकांकडे.

"निखिलराव," काकू शेवटी म्हणाल्या. निखिल म्हणजे प्लेनोचा जावई. लग्नानंतरची पहिली दिवाळी, दिवाळसणाला आला होता. काकूंना लग्नाचे फोटो बघायचे होते, विंडोजमध्ये जागा नव्हती, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी त्याने जागा करून दिली होती. फोटो दाखवले आणि तडक विमानतळावर गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी मशीन सुरू केलं तेव्हा ते उठलं नाही.

"मग त्याला विचारलंत ना?"

"जावयाला?" काका म्हणाले.

"हो, जावयाला!"

"अगं, दिवाळसणाला आलेले ते. त्यांना फोन करून काय म्हणू, तुम्ही माझं मशीन मोडलंत? उद्या कदाचित त्यांच्याच घरी..." आणि ते थांबले.

"आता फोन लावा."

"नको वैशाली."

"काका, परवा सोमवार आहे!"

"गेलं ते गेलं. उगीच पोराच्या मनाला लागेल. तू पण बोलू नकोस कोणाजवळ."

मी काही बोलणार, तेवढ्यात काकू जिना चढून वर गेल्या आणि कानाला फोन लावूनच खाली आल्या. टेबलावर ठेवून त्यांनी स्पीकर चालू केला. मीराचा आवाज आला. "हाय आई! व्हॉट्स अप?"

"निखिल आहेत का?"

"ही इज राइट हिअर. एव्हरीथिंग ओके?"

"नाही," काकू म्हणाल्या. "काही ओके नाही. निखिल, दिवाळीला तुम्ही इथे कॉम्प्युटरमध्ये जे काही केलंत ते सगळं या वैशालीला सांगा. तो तेव्हापासून बंद आहे. यांचा प्रोग्रॅम गेला आणि परवा डेमो आहे."

 मग निखिल म्हणाला, "बंद आहे? तेव्हापासून? पण मी एअरपोर्टवरनं फोन केला होता ना! दर संडेला विचारतोय मी. बाबा, तुम्ही दर वेळी म्हणालात, मस्त चाललंय!"

काका जमिनीकडे बघत होते.

"आणि डिलीट करायच्या आधी पण मी विचारलं होतं. ही दोन पार्टिशन काढू का? तुम्ही म्हणालात, काढा की, तुमचंच आहे सगळं."

"बाबा, सीरियसली?" मीरा मागून म्हणाली.

"पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?" काका पुटपुटले. मला तिथेच त्यांच्या कॉम्प्युटरचा तो टॉवर उचलून आपटावासा वाटला.

"पण एक मिनिट," निखिल म्हणाला. "प्रोग्रॅम गेला म्हणजे काय? तो आहे ना माझ्याकडे."

मी टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"काय आहे?" मी विचारलं.

"सगळं. आधी लिनक्समध्ये जाऊन सगळ्या होम डिरेक्टरी, म्हणजे बाबांच्या सगळ्या फायली, कॉपी केल्या मी माझ्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर. आमच्याकडे कंपनीत कॉपी घेतल्याशिवाय काही डिलीट करूच देत नाहीत, तीच सवय. बाबा म्हणाले सगळं ठीक आहे, पण कॉपी डिलीट करा असं कोणी म्हणालं नाही, म्हणून राहिली. पाठवू?"

पाठवू म्हणे! काकांचं लिनक्स दिवाळीनंतर उठलंच नव्हतं, त्यामुळे काकांनी त्यात एक ओळही वाढवलेली नव्हती. म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत सगळा प्रोग्रॅम इतके दिवस प्लेनोला एका खणात पडून होता. इथे माणूस झोपत नव्हता, डिस्क मटारशेजारी गारठत होती, तीन तज्ज्ञ येऊन फक्त बघून गेले होते, आणि ज्याला विचारायचं त्याला विचारलं नव्हतं. निखिलने फायली पाठवल्या. दोन वर्षांची मेहनत एका ई-मेलला जोडून आली आणि काकू मटकन जिन्यावर बसल्या. मग काकांना त्या जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. मला एका शब्दाचीही भर घालावी लागली नाही.

रविवारी सकाळी मी नवी डिस्क घेऊन परत गेले. त्यावर एकच लिनक्स, एक वॉचमन, एक केबिन. प्रोग्रॅम आत ठेवला, तर नव्या लिनक्सवर तो कुरकुरायला लागला. मी कीबोर्ड ओढला, तर काकांनी माझा हात बाजूला केला. "इथे तू नको," म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून, पडद्याला नाक लावून त्यांनी एकेक ओळ दुरुस्त केली. कुठली ओळ का लिहिली होती हे त्यांना पाठ होतं. तासाभरात पडद्यावर पत्र्याचं चित्र उमटलं आणि जिथे तो फाटणार होता ती जागा लाल झाली. 

मग काकांनी मला विचारलं, "बाकीची दोन लिनक्स कुठे गेली गं?"

मी फक्त बघितलं त्यांच्याकडे.

सोमवारी दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. काका कंपनीच्या पार्किंग लॉटमधून बोलत होते. टॉवर मागच्या सीटवर पट्टा बांधून नेला होता. "चाललं गं," ते म्हणाले. "पहिल्या झटक्यात उठलं. त्यांनी त्यांचा एक साचा दिला, त्यावर चालवून दाखवलं. काम देतायत." मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मग ते जरा खाकरले. "वैशाली, निखिलरावांना तू कळवतेस का? मला आपलं जरा अवघडल्यासारखं..."

"काका!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी दचकला. "तुम्ही स्वतः फोन करा. आत्ता. गाडी सुरू करायच्या आधी." आणि मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी निखिलचा फोन आला. या वेळी संजयची चौकशी नाही, थेट मला मागितलं.

"ताई, बाबांचा फोन आला होता," तो म्हणाला. "आधी बराच वेळ प्लेनोच्या हवेबद्दल बोलले. थंडी पडली का विचारलं. मग म्हणाले, काम मिळालं. मग म्हणाले, ती कॉपी पुसू नकोस, तुझ्याकडेच राहू दे."

"बरं झालं."

"आणि म्हणाले, यापुढे मी फोनवर मस्त चाललंय म्हणालो, तर विश्वास ठेवू नकोस. परत विचार."

"मग तू काय केलंस?"

"लगेच परत विचारलं. बाबा, खरंच मिळालं ना काम? तर म्हणाले, हो रे, खरंच."